नवरदेवाकडे पाठ करणारे मोर

तमाम लग्नाळू जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, लग्नपत्रिकेवरचा मोर कोणत्या दिशेला तोंड करून उभा आहे, ही बाब क्षुल्लक नसून तिच्यावर दोन घराण्यांची अब्रू टांगलेली असते. ऐकणाऱ्याने हसू नये. मीही हसलो होतो, आणि त्याची शिक्षा ऊन उतरेपर्यंत भोगली.

वरोऱ्याला एका चाचांच्या प्रेसमध्ये मी तेव्हा कॉम्प्युटरवर पत्रिका लावायचो. नक्षीचा एक फॉन्ट होता. एक बटण दाबलं की कलश, दुसरं दाबलं की सनई, आणि इंग्रजी 'जे' दाबलं की मोर. त्या 'जे'वर बोट ठेवून बसलं की मोरांची रांग लागायची. गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं आणि मी जादूगारासारखा कॉलर ताठ करायचो.

त्या दिवशी जवळच्या खेड्यातून एक कापूसवाले भाऊ मुलीची पत्रिका छापायला आले. सोबत त्यांची थोरली बहीण, म्हणजे नवरीची आत्या. व्याही घुग्घुसचे, खाणीत नोकरीला. साखरपुड्यात वरमाईने साडीपासून वरणापर्यंत सगळ्याला नावं ठेवली होती. पहिली पत्रिका आज संध्याकाळी व्याह्यांच्या हाती द्यायची असं ठरलेलं. भाऊ बाकावर अंग चोरून बसले होते. एकच वाक्य बोलले, "नाव ठेवाले जागा राहू देऊ नका, बाबू."

मी आरपार दिसणाऱ्या बटर पेपरवर नमुना काढला; तोच जाळीच्या स्क्रीनवर ठेवून उन्हात धरला की छपाईचा साचा तयार व्हायचा. डावीकडे नवरदेव, उजवीकडे नवरी, दोन्ही कडांना मोरांच्या उभ्या रांगा. आत्याबाईंनी कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"अगाई! हे मोर नवरदेवाकडं पाठ करून काऊन उभे हायेत?"

मी आधी हसलो, मग पाहिलं तर खरंच की. फॉन्टातले सगळे मोर डावीकडेच बघणारे. उजव्या कडेचे नवरीकडे कौतुकाने बघत होते आणि डाव्या कडेचे नवरदेवाला पिसारा दाखवून कागदाबाहेर निघाले होते.

"वरमाई म्हणन, पोरीवाल्यायनं आताच पाठ फिरवली," आत्याबाई म्हणाल्या. भाऊंचा चेहरा उतरला.

"दोन मिनिटं!" मी म्हणालो. डावी रांग निवडली, आरशातल्यासारखी उलटवायची आज्ञा दिली. पडद्यावर मोर शहाण्यासारखे वळले. प्रिंट काढली. चाचांनी कागद उचलला, चष्मा पुसला.

"अबे, नवरदेवाच्या मागं छत्र्या काऊन टांगल्या?"

मोर गायब! त्यांच्या जागी वरपासून खालपर्यंत नुसते इंग्रजी जे, आणि तेही उलटे. पडद्यावर मोर, कागदावर छत्रीच्या मुठी. मी फॉन्ट काढून पुन्हा टाकला. प्रिंटर बंद करून चालू केला. मोर लहान केले, मोठे केले. तिरके केले तर मुठीही तिरक्या आल्या. साधा मोर बिनतक्रार छापणारा प्रिंटर उलटा मोर दिसला की हटून बसायचा.

"याले जमून नाई राह्यलं," आत्याबाईंनी निकाल दिला. "ऊन उतरून राह्यलं, चाचा. तुमची ते स्क्रीन कधी उन्हात ठेवसान?"

मी तोंडावर पाणी मारायला अंगणात गेलो. मागोमाग आत्याबाई पहिला नमुना घेऊन दारात आल्या आणि कागद उजेडाला धरून मला दाखवू लागल्या, "पाय, पाय, कसे पाठमोरे हायेत!"

मी अंगणातून, म्हणजे कागदाच्या मागच्या बाजूने, पाहत होतो. बटर पेपरातून सगळं आरपार दिसत होतं. नवरदेवाचं नाव उलटं झालं होतं, पण मोर? मोर थेट उजवीकडे बघत होते!

"आत्याबाई, हलू नका!" मी इतक्या जोरात ओरडलो की त्या खरंच पुतळा झाल्या.

धावत आत गेलो. एका कोऱ्या बटर पेपरवर मोरांची सरळ रांग छापली. पट्टी कापली, पालथी केली. डावीकडच्या मुठी कापून टाकल्या आणि त्या जागी पट्टी चिकटवली. सॉफ्टवेअरला जे जमलं नव्हतं ते कात्री आणि चिकटपट्टीने जमवलं. चाचांनी कागद आणखी आरपार व्हावा म्हणून त्याला खोबरेल तेल लावून तो स्क्रीनवर ठेवला, वर काच ठेवली आणि स्क्रीन उरलेल्या उन्हात धरली. मी राजवाड्यावर पहारा द्यावा तसा शेजारी उभा होतो.

पहिली पत्रिका निघाली. लाल कागदावर सोनेरी शाई. डावे मोर नवरदेवाकडे, उजवे मोर नवरीकडे, एकही नजर इकडेतिकडे नाही. आत्याबाईंनी दोन्ही रांगांवरून बोट फिरवलं आणि पसंतीची मान हलवली. चाचा माझ्या पाठीत थाप मारून म्हणाले, "शाब्बास रे वाघा!"

भाऊंनी धोतराला हात पुसून पत्रिका घेतली. जवळ धरली, लांब धरली. मग दिवसभर अंग चोरून बसलेला तो माणूस उठला, पत्रिका छातीशी लावली आणि सगळ्या प्रेसला ऐकू जाईल असं म्हणाला,

"व्याह्यायले दुसरी साधी छापा! हे मी कोणाले देत नाई!"