दोन बोटं जाडीचा बर्फ

तळ्याच्या काठावर पालथी पडून मी फोटो काढत होते, तेवढ्यात साबीनेचा फोन आला. साबीने म्हणजे जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमजवळच्या आमच्या छोट्या स्थानिक पेपरची संपादक. मी तिथे फ्रीलान्स फोटोग्राफर आहे.

"बर्फ आहे?"

"आहे. पण जेमतेम दोन बोटं जाडीचा. काठावर फोडून पाहिला."

"चालेल. पहिल्या पानावर घेते. तीन हिवाळे लोक वाट बघतायत."

मीही बघत होतेच. वीस वर्षांपूर्वी मी पुण्याहून इथे आले, तेव्हा दर हिवाळ्यात आठ-दहा दिवस तरी या तळ्यावर स्केटिंग चालायचं. माझ्या लेकीला, ईराला, शेजारच्या हेर ब्रांटनी तिथेच हात धरून शिकवलं. पुढे थंडी कमी होत गेली. स्केट्स केलरमध्ये, म्हणजे तळघरात, गेले आणि तिथेच ईराला लहान झाले.

त्या सकाळी मी लेन्सला पोलरायझर लावला. हा फिल्टर बर्फावरची चमक काढतो, मग आतलं दिसतं. गोठलेले बुडबुडे, अडकलेली पानं, खाली काळं पाणी. फोटो अप्रतिम आला. फक्त बर्फ हातभर जाड वाटत होता. म्हणून कॅप्शनमध्ये स्पष्ट लिहिलं: जाडी तीन सेंटीमीटर, पाय ठेवू नका. माणसाचं वजन पेलायला निदान पंधरा लागतात.

दुसऱ्या दिवशी फोटो अर्धं पान व्यापून होता. खाली चारच शब्द: 'अखेर आमचा हिवाळा आला.'

साबीनेला लगेच फोन करायला हवा होता. नाही केला. इतका मोठा फोटो बऱ्याच दिवसांनी छापून आला होता. मी खूश होते.

दुपारी सायरन ऐकू आला. हेर ब्रांट त्यांच्या लोट्टेला, म्हणजे कुत्रीला, घेऊन तळ्यावर गेले होते. बर्फ फुटून लोट्टे आत पडली. तिला धरायला ते सरपटत गेले आणि तेही पडले. फायर ब्रिगेडनं त्यांना बाहेर काढलं. लोट्टे तासाभरानं सापडली. मेलेली.

मी हॉस्पिटलमध्ये गेले.

"मी जाडी लिहिली होती, ती छापली नाही," मी म्हणाले. "सकाळीच माझ्या लक्षात आलं होतं. मी गप्प बसले. मला माफ करा."

ते खिडकीकडे वळले.

"लहानपणापासून या तळ्यावर जातोय मी. आधी काठी आपटून बघायचो. आज नाही बघितलं."

"का?"

"आल्झो... म्हणजे, बघितलं असतं तर परत फिरावं लागलं असतं."

मी निघताना ते म्हणाले, "फोटो सुंदर होता."

ते मला फार लागलं.

हेर ब्रांट घरी आले. आता एकटेच फिरतात, तेही रस्त्यानं. तळ्याकडे वळत नाहीत. पेपरनं आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा छापला. साबीने माझ्यासमोर रडली. कॅप्शन जागेसाठी कापलं होतं, बाकी काही नाही.

तेव्हापासून बर्फाच्या प्रत्येक फोटोत मी फुटलेल्या कडेला मोजपट्टी उभी करते, आकडे वाचता येतील अशी. फोटोची शोभा जाते. साबीने कुरकुरते. पण कॅप्शन कुणालाही कापता येतं. फोटोतून पट्टी काढायची तर बर्फच कापावा लागतो.