वडिलांच्या नावाचा रकाना

२००८ची मंदी आमच्या दुबईतल्या वृत्तपत्रापर्यंत पोचायला काही महिने लागले. मग एका दुपारी कॉपी डेस्कवरच्या सहा जणांना नोकरी गेल्याची पत्रं मिळाली. त्यांत मी होतो, आणि आमचा डेस्कप्रमुखही होता. तो इंग्रज, पंचावन्नच्या आसपासचा. बातमी हातात घेतली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "खात्री आहे?" नसेल तर ती ओळ कापली जायची.

पुढे आम्हा दोघांनाही शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका जहाज-वाहतुकीच्या मासिकात काम मिळालं. व्हिसा बदलून घ्यायला महिन्याची मुदत होती. माझा झाला. त्याचा अर्ज परत आला, कारण वडिलांच्या नावाचा रकाना त्याने कोरा सोडला होता; दुबईत ते चालून गेलं होतं. मुदतीचे चार दिवस उरले होते. त्यानंतर देश सोडणं भाग होतं. इंग्लंडमध्ये त्याचं कोणी राहिलं नव्हतं.

शारजात माझ्या ओळखीचं एक टायपिंग सेंटर होतं. तिथे अरबी-इंग्रजी अर्ज टाइप करणारा भाई कोकणातल्या खेडचा. त्याने परत आलेला कागद पाहिला आणि मला म्हणाला, "साहेब, गोऱ्याला सांगा, बापाशिवाय माणूस कम्प्युटरमध्ये शिरत नाय."

मी हे शेजारी उभ्या डेस्कप्रमुखाला जरा सौम्य करून सांगितलं.

"मला ते नाव माहीत नाही," तो म्हणाला. "जन्मदाखल्यावरही ती जागा कोरीच आहे."

सात वर्षं त्याच्या शेजारी बसून मला हे ठाऊक नव्हतं. आपल्याकडे वडिलांचं नाव नावातच असतं. विचारायची वेळ येत नाही.

भाईने पासपोर्टवरच्या आडनावावर बोट ठेवलं. "मग हे कोणाचं?"

आडनाव आईचं होतं. त्याचा शेवट 'सन'ने, म्हणजे मुलगा. आधी एका पुरुषाचं नाव. अमक्याचा मुलगा. काही शतकांपूर्वी कुठल्याशा गावात लोक एकाला तसं ओळखू लागले, ते कागदावर चढलं आणि तिथेच थांबलं. नातू, पणतू, सुना, सगळे त्याच अमक्याचे मुलगे. आपल्याकडे मधलं नाव दर पिढीला बदलतं; त्यांच्याकडे एकच बाप कायम झाला.

"माझी आईसुद्धा जन्मभर 'मुलगा'च होती," तो म्हणाला.

मी हे भाईला सांगितलं. तो खूश झाला. "मग झालं की! तोच अमका लिहून टाकतो. खलास."

"तो मरून सहाशे वर्षं झाली असतील," मी म्हणालो.

"असू दे. त्याला कोण फोन लावतंय?"

मी हे सांगताच डेस्कप्रमुख हसला, पण मान नकारार्थी हलवली. मग त्याने विचारलं, आईच्या वडिलांचं नाव चालेल का? ते बस चालवायचे. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही त्यांचीच असायची.

"वाढवलं ना त्यांनी?" भाई म्हणाला. "मग विचारतो काय? यल्ला, स्पेलिंग सांग."

टाइप झालेल्या कागदावरचा इंग्रजी मजकूर डेस्कप्रमुखाने प्रूफ वाचावं तसा अक्षर अक्षर वाचला. सही करण्याआधी थांबला. त्याच्या सवयीने मीच विचारलं, "खात्री आहे?"

"या माणसाची आहे."

व्हिसा मुदतीच्या शेवटच्या दिवशी आला. पुढची काही वर्षं आम्ही हमरियाला एकाच गाडीतून जात होतो. विमा, बँक, फोन, कुठलाही अर्ज समोर आला की वडिलांच्या नावाचा रकाना तो सगळ्यात आधी भरायचा.