नॉर्वेचं स्थळ

लेक नौशीनसाठी आलेलं नॉर्वेतलं स्थळ हाफिजाला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. मस्कतच्या वादी अदाई भागातल्या अमीरुन्निसाने आपला भाचा जिब्रान सुचवला होता. नोकरी चांगली, घराणं रत्नागिरीकडचं. पण त्याचं गाव पार उत्तरेला; जिथे उन्हाळाभर सूर्य मावळतच नाही, तिथला माणूस मगरिबची, सूर्यास्तानंतरची नमाज पढतो तरी कधी?

हाफिजा हर्णैहून लग्न होऊन मस्कतला आली तेव्हा सासरच्यांनी सांगितलं होतं, घरातून समुद्र दिसतो. हमरिया मोहल्ल्यातल्या खोलीतून दिसला तो शेजाऱ्याचा एसी. ती भांडली नाही. संसार केला, रोजा-नमाज चुकवली नाही. पण तेव्हापासून गोड बोलणाऱ्याला ती दोनदा विचारते.

२०१६च्या रमजानात एका रात्री, शेवटची नमाज आटोपल्यावर इमोवर जिब्रानचा व्हिडिओ कॉल आला. नवरा महमूद ओमानच्या उत्तर टोकाला, मुसंदमच्या खसब बंदराला जाणाऱ्या बोटीवर मेकॅनिक. जिब्रानच्या मागची, डोंगरांमधली खाडी बघून तो हरखलाच.

"अगो, हे तर आपलं मुसंदम!"

"दिसतं तसंच, चाचा. पण तिथे जमीन खचली नि समुद्र आत शिरला. इथले डोंगर बर्फाने कोरलेत. आणि एवढ्या उत्तरेला असून बंदर गोठत नाही, दक्षिणेकडून गरम पाण्याचा प्रवाह येतो."

"राज्य कुणाचं?" हाफिजाने विचारलं.

"आधी डेन्मार्कचं, मग स्वीडनच्या राजाचं. १९०५ला मोकळे झाले."

"म्हणजे कुणीही यावं नि बसावं!"

नौशीन ओढणीआड हसली. तेवढ्यात जिब्रानने खजूर तोंडात टाकला. मागे खिडकीत लख्ख ऊन.

"या अल्ला! सूर्य वर आणि हा खातोय!"

"चाची, इथे सूर्यास्ताची वाट बघितली तर ईद उलटून जाईल. आमच्याकडे मक्केच्या वेळेवर रोजा सोडतात."

हाफिजाने फोन महमूदच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी मौलवी जैनुद्दीनना विचारलं. ते म्हणाले, बरोबर आहे, तशी मुभा आहे. ती घरी आली, पण मन निवेना. दिवस एवढा लांबतो, तर हिवाळ्यात रात्रही तेवढीच लांबत असणार. मग त्याबद्दल पोरगा गप्प का?

संध्याकाळी तिने जिब्रानला फोन लावून सरळ विचारलं.

"नोव्हेंबरच्या अखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही, चाची."

"हे आधी का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तुम्ही फोन ठेवला असता. पहिल्या हिवाळ्यात मीच रडायचो."

"अम्मी, खरं तर सांगितलं ना त्याने," नौशीन पुटपुटली.

"विचारल्यावर सांगितलं." हाफिजा फोनकडे वळली. "ऐक. डिसेंबरात मी नौशीनला घेऊन येते, तुझ्या अमीरुन्निसा मामीकडून पत्ता घेते. त्या अंधारात आठवडाभर राहून बघू. निकाहाचं मग."

"या ना, चाची," जिब्रान म्हणाला.

पण म्हणायच्या आधी तो जरासा थांबला होता, आणि ते थांबणं हाफिजाच्या नजरेतून सुटलं नाही; अजून काय सांगायचं राहिलंय, ते ती तिथे पोचल्यावर दुसऱ्यांदा विचारणार होती.