डोकी छाटलेले बोंबील

मी बोलका माणूस. बोईसरपासून सफाळ्यापर्यंत कुणाचीही हळद असो, माईक फिरून फिरून माझ्याच हातात येतो. बाराव्याच्या जेवणावळीतही मी लोकांना हसवलंय. आयुष्यभर एवढी तोंडाची वाफ दवडली, पण ही एक गोष्ट कधी ओठांवर येऊ दिली नाही. बायकोसमोरही नाही. मग आज इथे का? कारण जिची ही गोष्ट आहे, तिला वाचता येत नाही. तिचं नावही मी बदललंय — तिच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी.

यमुनामावशी, माझ्या आईची धाकटी बहीण. मुरब्याला असते. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. समुद्राच्या वाऱ्याला बांबूची वलांडी उभी करायची आणि तिच्यावर बोंबील वाळत टाकायचे, हे तिचं आयुष्य. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी काठीवर टांगायची. वाळले तरी ती तोंडं तशीच वासलेली राहतात. जमिनीवर पसरून वाळवलेल्या बोंबलाचं तोंड तसं नसतं, आणि त्यात रेती असते. आमच्याकडे बोंबलाची पारख अशी तोंड बघून होते.

बोईसरच्या बाजारात सुक्या मासळीच्या बायकांची रांग बसते. तिथली मावशीची जागा तिला सासूकडून आलेली. तिचं गिऱ्हाईक तिच्यासाठी थांबायचं. बाकी तिच्याकडे होतं काय? एक खोली, ती जागा आणि ‘यमुनाचा माल’ हा शब्द.

तारापूरची नोकरी सुटल्यावर मी तो शब्द ऑनलाइन विकायला काढला. सुरुवातीला साधं दुकान — एक फोटो, एक किंमत. बऱ्यापैकी चालायचं. मग त्या ऑनलाइन बाजारवाल्यांनी माझं दुकान वरच्या वर्गात नेलं. काय सांगू तुम्हाला! वर चालता व्हिडिओ लावता येतो, वेगवेगळी दालनं मांडता येतात, ‘आमची गोष्ट’ म्हणून एक अख्खं पान मिळतं. गोष्ट! आणि ती माझ्याकडे मागताय?

मी मावशीला हिरवं लुगडं नेसवलं, केसांत अबोली माळली, वलांडीपुढे उभं केलं. ती लाजून म्हणाली, “बाला, माजं लगीन लावतंस काय परत?” मी तो हशासुद्धा व्हिडिओत ठेवला. खाली लिहिलं — प्रत्येक बोंबील बोईसर बाजारच्या यमुनामावशीच्या हातचा. तेव्हा ते खरं होतं.

ऑर्डरी धो धो आल्या. सुकी मासळी लोकांना हवी असते पावसात, आणि पावसात मावशी वाळवणार कुठे? मला द्यायचा तिचा साठा आषाढातच संपला, तिच्या बाजारापुरता थोडा तेवढा उरला. ऑर्डरी रद्द केल्या की दुकान खाली घसरतं. नुसतं ‘माल संपला’ असं लिहून टाकता आलं असतं. एक बटण होतं तिथे. मी ते दाबलं नाही.

एका गोदामातून जमिनीवर वाळवलेला, थोडा सर्द झालेला बोंबील मी उचलला. तोंडांनी पितळ उघडं पडलं असतं, म्हणून स्वयंपाकघरात बसून कात्रीने सगळी डोकी छाटली. मावशीला सांगून टाकलं, हल्ली शहरातल्या लोकांना बिनडोक्याचाच लागतो. ती हसली — “येडी मानसा.” मीही हसलो. डोकी छाटताना मी शीळ घालत होतो, हेही सांगून टाकतो. मला मजा येत होती. एवढ्या लोकांना एकाच वेळी फसवणं — स्टेजवर असल्यासारखं वाटत होतं.

पुढे काय झालं असेल, तुम्ही ओळखलंच असेल.

सफाळ्याच्या एक बाई ते पार्सल घेऊन थेट बोईसरच्या बाजारात आल्या. मी तिथेच होतो, मावशीची पाटी उतरवून देत होतो. बाईंनी एका हातात मोबाइल धरला, दुसऱ्या हाताने पिशवी मावशीच्या पुढ्यात उलटी केली. तुकड्यांवर पांढरी बुरशी.

“ही तूच ना? हिरव्या लुगड्यातली? माझा सासरा दोन दिवस उलट्या करतोय.”

रांगेतली एक कुजबुजली, “आता आमच्याकडं पन कोन येल?”

मावशीने एक तुकडा उचलला, नाकाशी नेला. उलटा केला, सुलटा केला. डोकंच नाही, तर ओळखणार कशावरून? ती माझ्याकडे वळली. फक्त मलाच ऐकू जाईल इतक्या हळू तिने विचारलं, “बाला, ह्यो माजा हाय?”

तिला खरंच माहीत नव्हतं. ती माझ्यावर आळ घेत नव्हती. मी जे सांगेन ते ती धरून चालणार होती.

मी म्हणालो, “तुझाच, मावशे.”

एवढं म्हणून थांबलो असतो तरी — नाही, थांबलो नाही. समोर माणसं जमली होती, आणि माणसं जमली की मला चेव येतो. मी बाईंपुढे हात जोडले, आवाज खाली आणला, “वय झालं तिचं, ताई. नजर गेली. पोटच्या पोरासारखा मी, मीच लक्ष द्यायला हवं होतं.” रांगेतल्या एकीने तर डोळे पुसले. बाईंचा राग उतरला. मावशी तो तुकडा हातात धरून तशीच बसली होती.

हीच का कबुली? नाही, अजून आहे.

नव्या दुकानात व्हिडिओला सगळ्यात वरची जागा असते. ती वाया कशी घालवायची? दुसऱ्या दिवशी मी मुरब्याला गेलो आणि मावशीला कॅमेऱ्यापुढे बसवलं. ती हात जोडून म्हणाली, “माजा हात चुकला. माफी करा.” एका दमात, खाली बघत. मी म्हणालो, “परत एकदा, मावशे. जरा सावकाश. आणि इकडे बघून.” तिने परत केलं. मी तिसऱ्यांदाही करायला लावलं, कारण तिसऱ्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी येईल हे मला दिसत होतं. आलं.

लोकांना तो प्रामाणिकपणा फार भावला. त्या व्हिडिओने दुकान जेवढं चाललं, तेवढं कशानेच चाललं नव्हतं.

बाजारातल्या बायकांनी तिला हाकललं नाही. फक्त हळूहळू पाट्या जरा लांब सरकल्या. गिऱ्हाईक यायचं, बोंबील वाकवून बघायचं, नाकाला लावायचं आणि पुढच्या बाईकडे जायचं. पुढच्या हंगामात मावशीनेच जागा सोडली. वलांडीचे बांबू शेजाऱ्याने नेले. आता ती दुसऱ्यांच्या शेडमध्ये कोळंबी सोलते. दुकान माझं अजून चालू आहे. वर आता दुसऱ्याच एका बाईचा व्हिडिओ आहे.

घरापुरते थोडे बोंबील मावशी अजून दोरीवर वाळवते. गेल्या महिन्यात गेलो तर तिने एक जोडी काढून माझ्या हातात दिली.

“बघ रे, वाललाय ना नीट? माजा मला भरवसा नाय आता.”

मी बोंबील वाकवला. कट्‌कन मोडला. असा वाळलेला बोंबील मी कुठल्याच गोदामात पाहिलेला नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“ठीक आहे,” मी म्हणालो. “पण अजून एक ऊन दे.”