ताड, खडक आणि ओली फळी

अंगावरचा रंग टर्पेंटाइनने निघतो, किस्से निघत नाहीत. आमच्या रविवारच्या कंपूत तर दर आठवड्याला एखादा नवा चिकटतो.

कंपू म्हणजे चौघं. जामबागचे रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर कुलकर्णी सर, गौलीगुड्याचे वकील शास्त्रीकाका, पुण्याहून आयटीत आलेल्या मेघाताई आणि आठवीत शाळा सुटलेला मी. शंभर वर्षांपूर्वी कॅनडातले काही चित्रकार रानात जाऊन, छोट्या लाकडी फळीवर, एका बैठकीत, जाड भडक रंगांत निसर्ग रंगवायचे. सरांना त्यांचं वेड. "तिथे खडक आणि तळी, इथेही खडक आणि तळी. अडलंय कुठे?" म्हणून दर रविवारी आम्ही फळ्या आणि रंग घेऊन शहराबाहेर.

अडलं बर्फापाशी. ऐन मे महिन्यात मेघाताईंनी खडकांवर बर्फ रंगवला. शेळ्या चारणारी बाई बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "अम्मा, पत्थरां को चूना काय को मारे?"

मग झाड. त्या चित्रांत वाऱ्याने वाकलेला पाइन असतो. आमच्याकडे ताड. काकांनी ताडच वाकवला. ताडी काढणारा खाली उतरून चित्र बघून गेला. "साब, इसपे चढते नै, फिसलते."

माझं दुखणं वेगळं. मी पान न् पान रंगवायचो. सर म्हणायचे, "झाड रंगवतोयस की शिरगणती करतोयस? हात सोड." घरी आईला जांभळा खडक दाखवला, तर ती म्हणाली, "खरा रंग संपला होता का रे?"

बरकतपुऱ्याच्या हॉलमध्ये प्रदर्शन ठरलं. सरांची अट अशी, की त्याच सकाळी रंगवायचं आणि ओल्या फळ्याच टांगायच्या. दारासमोरची जागा कुणाची, ते सर ठरवणार. मला ती हवी होती. आई येणार होती, आणि माझं काहीच आजवर कुठल्या भिंतीवर लागलं नव्हतं.

चित्र मनासारखं झालं. ऑटोत सरांची बॅग घ्यायला मी फळी क्षणभर सीटवर ठेवली. सर बसले. पांढराशुभ्र पायजमा.

"सर..."

"बोलू नकोस. आभाळ बघ."

बरकतपुरा येईपर्यंत मी आभाळ बघितलं.

सर उतरल्यावर फळी मी हळूच काढून घेतली. हॉलमध्ये त्यांनी ती उचलली. पानं गेली होती, ताड पसरला होता, खडक तळ्यात उतरले होते. सर किती तरी वेळ बघत राहिले. "सुटला रे तुझा हात," म्हणाले, आणि स्वतः खिळा ठोकून ती दारासमोर लावली.

मग पाहुण्यांना आणायला वळले. मेघाताईंनी ओढणी तोंडात कोंबली. काका खिडकीबाहेर बघू लागले.

आई माझ्या चित्रासमोर उभी होती. तिने पाठमोऱ्या सरांकडे बघितलं. पुन्हा चित्राकडे.

"छान आहे रे," ती म्हणाली. "पण ते चालतं-फिरतं जास्त बरं आलंय."