मावशी फोल्डर आणि चौसष्ट नंबर

ट्रेव्हरने डीव्हीडी थांबवली. मागे मी लावलेलं व्हायोलिन वाजत होतं, तेही थांबलं.

"विल्फ, मेट, बाकीचं कुठे आहे?"

"बाकीचं म्हणजे?"

"हे सगळे पळतायत आणि आपटतायत. त्याच्या आधीचं?"

"आधी काहीच नव्हतं. नुसते ओणवे होऊन थांबले होते. ते मी कापलं."

ट्रेव्हर आमच्या युनिच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, ग्रिडआयर्न टीमचा कोच. ग्रिडआयर्न म्हणजे अमेरिकन फुटबॉल. ॲडलेडमध्ये नुसतं फुटबॉल म्हटलं तर लोक भलताच खेळ समजतात, म्हणून हे नाव. मी टीमचा व्हिडिओवाला. रविवारी फायनल होती. समोरच्या टीमने ट्रेव्हरला आधीच्या दोन फायनलमध्ये पाणी पाजलं होतं, आणि त्यांची सेमीफायनल मी स्वतः जाऊन शूट केली होती. ती बघून त्यांना अडवायचं कसं ते ठरणार होतं.

"बरं, ओरिजिनल टेप आण."

"त्या टेपवर मी परवाची प्रॅक्टिस घेतली."

ट्रेव्हरने टोपी काढून टेबलावर ठेवली. "गुरुवारच्या ट्रेनिंगला काहीतरी कामाचं दाखव. नाहीतर रविवारी कॅमेरा दुसरं कोणीतरी धरेल." तो आवाज चढवणारा माणूस नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

माझी बाजूही ऐका. ऑस्ट्रेलियाला यायच्या आधी मी वसईत पाच वर्षं लग्नं शूट केली. चर्चमधली आणि मांडवातली, दोन्ही. त्या धंद्यात उभी असलेली माणसं कापायची आणि हलणारी ठेवायची. हार घालताना स्लो मोशन. मागे व्हायोलिन. टेप धुवून पुसून परत वापरायची. मी सेमीफायनलला हेच सगळं इमानेइतबारे केलं होतं. एकाने दुसऱ्याला धरून आपटलं, त्या टॅकलवर तर फुलांचं डिझॉल्व्हसुद्धा टाकलं होतं.

ते दिवस असे होते की मॉसन लेक्सच्या कॅम्पसला जाणाऱ्या बसमध्ये अर्धे चेहरे आपले असायचे. एका युनिटमध्ये, म्हणजे छोट्या फ्लॅटमध्ये, आम्ही सहा जण राहायचो. अभ्यास सांभाळून मिळेल ते काम करायचं. मी आधी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये ट्रॉल्या गोळा करायचो. चाळीस डिग्रीच्या उन्हात वीस ट्रॉल्यांची माळ ढकलली की शिक्षणावरची श्रद्धा वाढते. कॅमेऱ्याचं काम मिळालं तेव्हा मी घरी फोन करून सांगितलं होतं की मुलगा लायनीला लागला. आता तो परत ट्रॉल्यांकडे जाणार होता.

मला वाचवलं ते एका जुन्या भीतीने. प्रत्येक लग्नानंतर कोणाची तरी मावशी फोन करते: "मी एवढी नटून आले होते, मी कुठेच कशी नाही?" म्हणून कापलेलं सगळं मी एका फोल्डरमध्ये टाकून ठेवतो. फोल्डरचं नाव 'मावशी'. दुपारी युनिच्या लॅबमध्ये जाऊन डिस्क उघडली तर सेमीफायनलची मावशी जागेवर होती. पाऊण तास ओणवी उभी असलेली माणसं. देवाचे आभार मानले, तेही मोठ्याने. शेजारची चिनी मुलगी दोन खुर्च्या लांब जाऊन बसली.

आता हा खेळ थोडक्यात. दोन्हीकडे अकरा-अकरा जण. प्रत्येक डाव सुरू होण्याआधी सगळे समोरासमोर थांबतात. बॉल ज्यांच्याकडे असतो त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी. तो बॉल ते एक तर हातात घेऊन पळणार, म्हणजे रन, नाहीतर लांब फेकणार, म्हणजे पास. बचाव करणाऱ्याला हे आधी कळत नाही. रन समजून सगळे पुढे धावले आणि बॉल डोक्यावरून गेला, तर मागे रान मोकळं. पास समजून मागे सरकले, तर पळणारा मधून निघून जातो. कोण कुठे उभा राहणार आणि कोण कुठला इलाका सांभाळणार, या मांडणीला स्कीम म्हणतात. आणि ती स्कीम ठरते मी कापून टाकलेल्या त्या पाच-सहा सेकंदांवर.

मी कापलेले तुकडे परत डावांना जोडत बसलो. लग्नाच्या कॅमेरामनला एक सवय असते. पुढच्या क्षणी कोण उठणार, कोण रडणार, कोणता काका रुसणार, हे आधी हेरावं लागतं. त्याच सवयीने माझी नजर चौसष्ट नंबरवर गेली. हा त्यांच्या पुढच्या लाइनमधला आडदांड गडी. याने बॉलला हात लावायचा नाही, फक्त समोरच्याला ढकलायचं. काही डावांना तो एक हात जमिनीवर टेकून पूर्ण वाकायचा, बोटं पांढरी पडेपर्यंत. काही डावांना टाचांवर भार देऊन अर्धवट बसायचा. मी वही काढली. वाकला की रन. बसला की पास. पुन्हा सगळं बघितलं. एकदाही चुकलं नव्हतं.

बुधवारीच ट्रेव्हरला दाखवलं. त्याने आठ डाव बघितले आणि टोपी परत डोक्यावर घातली. "याला रन असेल तर पुढे घुसायचंय, पास असेल तर मागे सरकून बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला सांभाळायचंय. हा अंगाने आधीच सांगतोय. हे अजून आहे?"

"आहे. मावशी फुल आहे."

मावशी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. त्यानंतर अख्खी टीम फिल्म बघायच्या वेळेला 'मॅवशी' म्हणायला लागली.

गुरप्रीत आमच्या बचावाचा मधला माणूस. जालंधरचा, कबड्डी खेळून आलेला. त्याला फिल्म दाखवली तर म्हणाला, "भाई, कबड्डी में भी पैर देखते हैं, मुँह नहीं." चौसष्टकडे बघून त्याने ओरडायचं आणि बाकीच्यांनी त्याप्रमाणे पुढे किंवा मागे जायचं, असं ठरलं.

"इंग्लिशमध्ये ओरडलास तर त्यांना कळेल," ट्रेव्हर म्हणाला.

"हिंदी में बोलूँगा," गुरप्रीत मला म्हणाला.

"त्यांच्याकडे दोन हैदराबादी मुलं आहेत," मी म्हटलं. स्टुडंट्सच्या त्या लाटेत एकही टीम आपल्या माणसांवाचून राहिली नव्हती. "मराठीत ओरड."

गुरुवारी ट्रेनिंगला सहा फुटी गोरे 'बसला' आणि 'वाकला' घोकत मैदानाला फेऱ्या मारत होते. मराठी शाळेत माझं एवढं कोणी ऐकलं नव्हतं.

रविवारी मी माझ्या मचाणावर कॅमेरा घेऊन चढलो. ट्रेव्हरची एकच सूचना होती: "वाइड ठेव. बावीसच्या बावीस दिसले पाहिजेत." मॅचच्या चारपैकी तीन क्वार्टर मी ती पाळली. गुरप्रीत ओरडायचा आणि आमची माणसं बोलावल्यासारखी बरोबर जागी हजर असायची. समोरचा कोच स्वतःच्या वहीकडे संशयाने बघायला लागला.

शेवटच्या मिनिटाला आम्ही चार पॉइंटने पुढे. ते आमच्या शेवटच्या रेषेपासून पाच यार्डांवर; ती ओलांडली की सहा पॉइंट. त्यांची शेवटची संधी. आणि मला दिसलं की चौसष्ट दमलाय. तो धड वाकत नव्हता, धड बसत नव्हता. आमची सगळी स्कीम त्या एका माणसाच्या गुडघ्यांवर उभी होती, आणि गुडघे संपले होते. नीट दिसावं म्हणून मी झूम केलं. जमिनीवर टेकलेला हात आला, बोटं आली. बोटं पांढरी नव्हती.

"बसला!" खालून गुरप्रीतचा आवाज आला. त्यालाही तेच दिसलं होतं.

मग आरडाओरडा झाला. काय झालं ते मला माहीत नाही, कारण मी चौसष्टवरच होतो. तो मागे सरकला, एकाला ढकललं, वळून मागे बघितलं. बराच वेळ बघत उभा राहिला. मग हेल्मेट काढून हळूच गवतावर बसला. खराखुरा बसला. तेव्हा मला कळलं की आपण जिंकलो, आणि आनंदाने ओरडता ओरडता त्याच्यासाठी वाईटही वाटलं.

सोमवारी आमच्या युनिटवर तीस माणसं जमली. गुरप्रीतने शेवटचा पास हवेत उडी मारून हाताने खाली पाडला होता, असं सगळे सांगत होते. जालंधरला आईला दाखवायला त्याला डीव्हीडी हवी होती. मी लावली. स्क्रीनवर चाळीस सेकंद चौसष्ट नंबर.

"भाई," गुरप्रीत म्हणाला, "मैं कहाँ हूँ?"

"फ्रेमच्या बाहेर."

"इतनी बड़ी छलाँग मारी, और मैं कहीं नहीं?"

पाच वर्षं लग्नं केली, पण मावशी माझ्यासमोर अशी प्रत्यक्ष कधी उभी राहिली नव्हती. आणि या वेळी फोल्डर रिकामं होतं. ट्रेव्हरने मात्र ते चाळीस सेकंद दोनदा बघितले आणि म्हणाला, "पुढच्या सीझनला ये. व्हायोलिन आणू नकोस."

पुढे हाच माझा पेशा झाला. आता मी प्रत्येक मॅचला दोन कॅमेरे लावतो. एक कोचसाठी, आणि एक मावशीसाठी.