न घातलेले टाके

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्या अनघाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल.

अनघा सिंगापूरला, मरीन परेड भागात, आमच्याच कॉन्डोत राहते. बँकेत नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांचे फोटो — तेही झाडावर चढून. अमेरिकेत हरणांच्या शिकारीला जाणारे लोक एक सॅडल वापरतात. कमरेला आणि मांड्यांखाली बसणारे पट्टे, दोराने खोडाला बांधलेले. मागे रेलून वरच बसून राहायचं. अनघाने तसलं सॅडल मागवलं. सिंगापूरच्या बागांत कोण झाडावर चढू देणार? म्हणून आम्ही पलीकडे मलेशियातल्या जोहोरला, तिच्या ओळखीच्या एका माणसाच्या फळबागेत जायचो. ती वर, धनेशाची वाट बघत. मी खाली, चहाचा थर्मास घेऊन.

दोर मात्र माझे असायचे. शिडाच्या होड्या चालवायला शिकताना मी स्प्लाइस करायला शिकले होते. गाठ न मारता दोराच्या टोकाला डोळा, म्हणजे अडकवायचं वेटोळं, करायचा. सिंथेटिक दोर आतून पोकळ असतो. त्याचं टोक वळवून त्याच्याच पोटात लांबवर खुपसायचं. ताण आला की बाहेरची वीण आतल्या टोकाला आवळते. पण ताण नसताना — तेव्हा ते टोक हळूहळू मागे सरकू शकतं. म्हणून शेवटी वरून जाड दोऱ्याने टाके घालायचे. काही अवघड नाही. कंटाळवाणं आहे, एवढंच.

सॅडलचा पुढचा दोर, कमरेच्या दोन्ही बाजूंना जोडणारा, मी तिला करून दिला. सगळं वजन त्याच्यावर. एका टोकाला टाके घातले. दुसऱ्या टोकाला आले तेव्हा ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर मित्रमंडळी माझ्यासाठी जेवायला थांबली होती, फोनवर फोन येत होते. मी सुई ठेवली. नंतर घालू.

विसरले का? नाही. तसं म्हणता आलं तर किती बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी दोर तिच्या हातात देताना तिने विचारलं, "झालाय ना पूर्ण?" मी म्हणाले, "झालाय की."

बरेच दिवस काही झालं नाही. त्यामुळे मला वाटायला लागलं, की टाके हे उगाचच असतात.

मग ती पडली. फार उंचावरून नाही, पण मुळांवर, वाकडी. त्या दिवशी बरोबर आलेला तिचा नवरा श्रीरंग तिच्या डोक्याशी बसला आणि मी तिचा पट्टा सैल करायला वाकले — तर तो दोर एकाच बाजूने लोंबत होता. दुसऱ्या टोकाचा डोळा नव्हताच. सरळ, गुळगुळीत टोक. मी दोर काढला आणि माझ्या पिशवीत खाली दाबला. विचार केला नाही. की केला होता? हात फार सराईतपणे चालले, एवढं आठवतं.

श्रीरंगने वर पाहिलं. कॅराबिनर, म्हणजे तिचा दोर खोडाच्या दोराला अडकवणारी कडी, वरच लटकत होती. "हिने ती अडकवलीच नव्हती की काय?" तो म्हणाला.

तिला गाडीतून नेल्यावर सामान काढायला मीच शिडीवर चढले. कडी बंद होती; डोळा सुटलेला दोर तिच्यातून निसटला होता. स्क्रू शेवटपर्यंत फिरवलेला — अनघा नेहमी फिरवायची तसा. मी तो उलटा फिरवला. कडी उघडी करून खाली आणली आणि नंतर हॉस्पिटलमध्ये श्रीरंगच्या हातात दिली.

आता आणखी काय सांगायचं राहिलं? राहिलंय.

हॉस्पिटलमध्ये तिला पडण्याआधीचं काही आठवत नव्हतं. घोट्यात धातूची पट्टी बसवलेली, चेहरा सुजलेला. तिने मला विचारलं, "मी कडी लावलीच नव्हती का गं?"

मी म्हणाले, "बहुधा."

त्या एका शब्दाने काय केलं, ते मी रोज बघते. लंगडणं सोडा. गॅस बंद केला का, हे बघायला ती लिफ्टमधून परत वर जाते. कामावर प्रत्येक मेल दुसऱ्याला वाचायला देते. तिची मुलगी घरात हसत इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणते, मम्मा नेहमीच विसरते, "मम्मा ऑलवेज फरगेट वन, लाह!" आणि अनघाही हसते. आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये कुणी नवीन आलं की ती स्वतःहून उभी राहते आणि आपली चूक सांगते, त्यांनी ती करू नये म्हणून. मी ऐकत बसते. लोक मला म्हणतात, तू किती केलंस तिचं! केलंच. डबे नेले, फिजिओला नेलं. दोर मात्र त्याच आठवड्यात कचऱ्याच्या शूटमध्ये, थेट तळाला जाणाऱ्या नळीत, टाकला.

गेल्या महिन्यात ती म्हणाली, पुन्हा चढायचंय, एकदाच. आम्ही त्याच बागेत गेलो. नवा दोर मीच केला होता. दोन्ही टोकांना टाके घालून, दोनदा.

ती खोडाशी थोडीच वर चढली आणि थांबली. कडी अडकवली, स्क्रू फिरवला. मग उघडून पुन्हा लावला. "तू सांग गं," ती वरून म्हणाली, "लागलीय ना? मला माझा भरवसा नाही वाटत."

तेव्हा सांगता आलं असतं. श्रीरंग शेजारीच उभा होता, सकाळ होती, घाई कुणालाच नव्हती.

"लागलीय," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघून डोळे मिटले आणि मागे रेलली.